आवाज येत नाही, म्हणालास

दादा, तू माझ्याशी खोटं बोलत होतास, हे मला तू जिवंत असतानाच कळलं होतं. पुरावा तेवढा तू गेल्यावर हातात आला.

असं लिहू नये, हे मलाही कळतं. तुझं तेरावं होऊन आठवडाही झाला नाही. पाटबंधारे खात्यातले तुझे जुने सोबती, मिरजेच्या गल्लीतले शेजारी, सगळे येऊन सांगून गेले की माणूस कसा सरळ होता. मी मान डोलवत होते आणि मनात म्हणत होते, असेल सरळ, पण माझ्या कॅसेटच्या बाबतीत नव्हता. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. जन्मभर विमा कंपनीत दावे तपासले. समोरचा खरं बोलत असला तरी मी आधी त्याच्या हातांकडे बघते. तू म्हणायचास, "तुला देव भेटला तरी तू त्येला वळखपत्र मागशील." मागितलंच असतं.

मला हवं होतं ते फार काही नव्हतं. आईचा आवाज ऐकायचा होता. माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत ती गेली. फोटो आहेत, तिची एक हिरवी नऊवारी माझ्या कपाटात आहे, पण आवाज कुठेच नाही. सांगलीत इतकी वर्षं राहूनही कवठे महांकाळची बोली तिनं सोडली नव्हती. हल्ली हल्ली मला तिचे शब्द आठवत, आवाज आठवत नसे. शब्द आठवायचे ते माझ्याच आवाजात. त्याची मला भीती वाटायला लागली. म्हणून माझ्या लग्नाची कॅसेट शोधून काढली आणि भाऊबीजेला तू साताऱ्याला आलास तेव्हा तुझ्यापुढे ठेवली. आमचा व्हीसीआर कधीच भंगारात गेला होता.

तेव्हाच तुझा चेहरा जरा बदलला होता. मी पाहिलं होतं ते. पण तू लगेच कॅसेट पिशवीत टाकलीस. "दे माझ्याकडं. रिटायर मानूस हाय, करतो बसून. काम्पुटरवर घ्यायचं एक डबडं मिळतंय."

लग्नाच्या कॅसेटमध्ये बोलणं सापडणं अवघड, हे मला माहीत होतं. त्या काळी आपल्याकडच्या शूटिंगवाल्यांना वाटायचं की खरा आवाज तसाच ठेवला तर काम अर्धवट राहिलं. आधी गणपती, मग बदामाच्या आकारात नवरा-नवरी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. पाठवणीत बायका ओक्साबोक्शी रडतायत आणि वर बर्फाच्या डोंगरात नाचताना म्हणतात तसलं गाणं चाललंय. तरी मला आशा होती. दोन गाण्यांच्या मधे एखादी फट असेल, त्यात आईची एखादी हाक असेल. तेवढ्यावर माझं भागलं असतं.

मग तुझी कारणं सुरू झाली. आधी म्हणालास, पडदा निळाच येतोय. मग म्हणालास, चित्र येतंय पण काळं-पांढरं, आणि वरून खाली पळतंय. मग व्हीसीआरचं हेड घाण झालंय, स्पिरिटनं पुसायला पाहिजे. मग तो व्हीसीआरच नको म्हणून मिरजेतल्या कुणा दुरुस्तीवाल्याकडून दुसरा आणलास. होळीच्या आसपास म्हणालास, चित्र चांगलं आलं, आवाज येत नाही. मी म्हटलं, आवाजाची पांढरी वायर बघ. म्हणालास, बघितली. आणि नंतर म्हणालास, "गानीच हाईत गं नुसती. मधे काय न्हाई. सोड नाद."

आवाज येत नव्हता तर गाणीच आहेत हे तुला कसं कळलं? दाव्यात माणूस कारणं बदलायला लागला की मी त्याची फाइल बाजूला काढून ठेवायची. तुझीही ठेवली.

आठवतंय, मी न सांगता मिरजेला आले होते? वहिनी दार उघडून नुसतं "वन्सं, तुमी?" म्हणाली आणि आतल्या खोलीत तुझी एकच धावपळ झाली. मी आत आले तोवर तू बोर्डावरचं बटण बंद करून त्याच्यासमोर उभा. व्हीसीआर गरम होता, मी हात लावून पाहिला. कुठंतरी पाणी मुरतंय, हे त्या क्षणी पक्कं झालं.

"काय लपवतोयस?" मी सरळ विचारलं.

"लपवायला काय हाय त्यात? फ्यूज उडाला."

"मग पंखा कसा चालू आहे?"

तू पंख्याकडे पाहिलंस, हसलास आणि म्हणालास, "च्या घेनार न्हवं?" तुझं आपलं ठरलेलं. अडचणीत आलास की चहा.

माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते आता सांगते. आधी वाटलं, तुझ्या हातून कॅसेट पुसली गेली. मग वाटलं, नाही, पुसली असती तर तू रडत येऊन सांगितलं असतंस. मग ती कानपिळीची जुनी गोष्ट आठवली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, तेव्हा हसायचं, चिडवायचं, बहिणीच्या पाठीशी कुणीतरी आहे हे चार माणसांत दाखवायचं. माझ्या लग्नात तुझा पत्ता नव्हता. माइकवरून तुझं नाव पुकारलं, मी वळून वळून पाहिलं आणि शेवटी चुलतभावानं येऊन कान पिळला. तू नंतर म्हणालास, जनरेटर बघायला गेलो होतो. तो जनरेटर मला कधीच पटला नाही. तुझ्या-माझ्यात त्यावरून किती वेळा वाजलं, आणि दर वेळी तू जनरेटरवरच ठाम. मला वाटलं, कॅसेटमध्ये तू कुठे होतास ते दिसत असणार आणि ते तुला दाखवायचं नाही.

आणि मग एके सकाळी वहिनीचा फोन आला. अंघोळ करून बाहेर आलास, खुर्चीत बसलास आणि गेलास. मिरजेत इतके दवाखाने, आणि तुला त्यातला एकही लागला नाही. एसटीत मी रडत होते आणि रडता रडता माझ्या मनात आलं की आता कॅसेटचं खरं कधीच कळणार नाही. काय बाई आहे मी, असं तू म्हणशील. म्हण.

तेराव्यानंतर वहिनीनं तुझ्या खोलीचं दार उघडून दिलं. "न्या वन्सं सगळं. मला त्या वायरींच्याकडं बघवत न्हाई. दार लावून बसायचे. च्या घेऊन गेले तर टीव्ही बंद." टेबलावर व्हीसीआर, पेनड्राइव्हएवढं ते कॅप्चरचं डबडं, त्याच्या शेपटीला पिवळी, पांढरी, लाल तोंडं. माझी कॅसेट. आणि एक खरा पेनड्राइव्ह, त्याला दोरा बांधून त्यावर कागदाच्या चिठ्ठीत माझं नाव. येत्या भाऊबीजेसाठी असणार.

पेनड्राइव्ह मी तिथंच तुझ्या संगणकावर लावला. सगळं लग्न स्वच्छ, रंगीत, गाण्यांसकट. चित्र पळत नव्हतं, काळं-पांढरं नव्हतं. तू तर म्हणाला होतास सोड नाद! मी बघत राहिले. मांडव, वाजंत्री, पाहुणे, तुझा तो तपकिरी सफारी. मग मामा मला आणायला निघाले, आणि गाणं अर्ध्या ओळीत तुटलं. पुढच्या क्षणी वेगळंच गाणं आणि अक्षता पडतायत. मी मागे नेऊन परत पाहिलं. मधली काही मिनिटं नव्हती. टेप खराब असेल, असं दुसरा कुणी म्हणाला असता. मी सगळं पिशवीत भरलं आणि साताऱ्याला आणलं.

हे म्हणाले, कशाला आता? गेला तो माणूस. तरी पिशवी यांनीच उचलली, वायरीही यांनीच जोडल्या. मी निळा पडदा बघत बसले. म्हणजे निळ्या पडद्याचं तुझं खरं होतं. आमच्या नव्या संगणकाला तुझं डबडं ओळखू येईना, त्याचा ड्रायव्हर जुना. माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला, त्यावर चित्र आलं, काळं-पांढरं, वरून खाली पळणारं. तेही तुझं खरं. सेटिंगमध्ये अमेरिकेतली पद्धत निवडलेली होती, ती बदलून आपली केली तर एकदम रंग आले. आवाज येईना. पांढरी वायर नीट होती. संगणक त्या डबड्याला मायक्रोफोन समजतो आणि मायक्रोफोनला परवानगी दिलेली नव्हती, ती दिली आणि गाणं सुरू झालं. दोन दुपारी लागल्या मला. तुझ्यासारख्या रेडिओ उघडून जोडणाऱ्या माणसाला वर्ष पुरलं नाही, हे मला सांगू नकोस.

कापलेली मिनिटं कॅसेटवर जशीच्या तशी होती. एक ओरखडा नाही. शूटिंगवाला मांडवातल्या गर्दीवर कॅमेरा फिरवतोय आणि अगदी कडेला, कॅमेऱ्याच्या जवळ, आई. हिरवी नऊवारी, पदर खांद्यावर घट्ट ओढलेला. तिनं तुझ्या सफारीची बाही धरलीय. ती बोलतेय. तू मान हलवतोयस. ती परत बोलतेय. तू पुन्हा मान हलवतोस, बाही सोडवून घेतोस आणि चित्राबाहेर जातोस. ती तिथंच उभी. आणि या सगळ्यावर कुठल्यातरी हिरोचं प्रेमाचं गाणं.

एवढंच. मग का कापलंस? मी यांना म्हटलं, ज्या दृश्यात काही ऐकूच येत नाही ते दृश्य कोण कापेल? ज्यानं ते ऐकलंय तोच. हे म्हणाले, "तू आता त्याला मेल्यावर पण उभा करणार का साक्षीला?" मी म्हटलं, हो.

मग मी व्हीसीआरकडे नीट पाहिलं. पुढच्या बाजूला, झाकणाखाली, काळी चिकटपट्टी लावलेली होती. वायरीला लावतात ती. पट्टीखाली वायर नव्हती, फूटही नव्हती. नखानं सोलली तर आत एक इवलीशी सरकपट्टी, मागेपुढे होणारं बटण, कडेला इंग्रजीत दोन खुणा. इंटरनेटवर शोधलं तेव्हा कळलं, की काही कॅमेरे कॅसेटवर आवाज दोन ठिकाणी ठेवत. एक फितीच्या कडेला, आणि दुसरा चित्राच्याच पट्ट्यात, चित्राखाली. नंतर गाणं घातलं तर ते कडेच्या आवाजावर बसतं. चित्राखालचा आवाज तसाच राहतो, पुसायचा म्हटलं तर चित्र पुसावं लागतं. आपल्या शूटिंगवाल्यानं वेगळी प्रत करण्याचा त्रास वाचवून मूळ कॅसेटवरच गाणी चढवली होती. त्या आळशी माणसाचं भलं होवो. साधा व्हीसीआर फक्त कडेचा आवाज वाचतो. दोन्ही वाचणारा व्हीसीआर तू मिरजभर फिरून मिळवलास, आईला ऐकलंस आणि मग त्यावर पट्टी लावलीस.

मी सरकपट्टी दुसऱ्या खुणेवर सरकवली. गाणं गेलं. एकदम मांडव आला, दादा. भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी मूल किंचाळतंय, सनई, आणि माइकवरून, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." आणि मग ती.

"आरं, हिकडं ये. त्यांची मावशी आता बोलून गेली. पोराचं आदी एका ठिकानी ठरल्यालं मोडलंय म्हनं. आपल्याला कुनी सांगितलं न्हाई."

"आता काय करनार, आई? मानसं बसल्यात."

"तिला इचारू का?"

"नको."

"आरं, लगीन तिचं हाय. एकदा कानावर घालू."

"नको म्हनतोय न्हवं! ती लय संशयी हाय. ऐकलं तर उबी राहनार न्हाई बोहल्यावर. शोभा हुईल."

"मग ऱ्हाऊ दे. तू म्हनतोस तर ऱ्हाऊ दे. पर माज्या जिवाला घोर लागलाय बग."

मी यांच्याकडे पाहिलं नाही. हे माझ्या शेजारीच बसले होते. आधी ठरलेलं मोडलेला पोरगा, केस पांढरे झालेला. म्हणाले, "म्हणून दादा माझ्याकडे असे बघायचे होय!" आणि उठून आत गेले.

मला आधी राग आला. फार राग आला. माझ्या आयुष्याचा निर्णय तुम्ही दोघांनी मांडवाच्या कडेला उभं राहून घेतलात, आणि मी आत खोलीत मुंडावळ्या बांधून बसलेली. त्याहून जास्त राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. आईचा आवाज तू एकट्यानं ऐकलास. दार लावून, किती वेळा कोण जाणे. तो माझाही होता रे. मला तू तो गाण्याखाली दाबलेला, कापून काढलेला पेनड्राइव्ह देणार होतास, वर ओवाळणीही टाकली असतीस.

आणि मग तुझ्या सगळ्या भाऊबिजा माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. दारात पाय ठेवलास की पहिला प्रश्न, "समदं ठीक हाय न्हवं? दाजी नीट वागत्यात?" स्वयंपाकघरात येऊन डबे बघायचास, माझे हात बघायचास. दाजींशी बोलताना त्यांच्या डोळ्यांत बघत राहायचास. मला वाटायचं, हा माझ्या संसारात खोट शोधायला येतो. एकदा मी ओरडले होते, "तुला काय ऐकायचंय? वाईट चाललंय म्हणू का?" तू ताटावरून उठलास. ते भांडण आपण मिटवलंच नाही, नुसतं बाजूला सारलं. घरात संशयी मी एकटी, असं सगळे धरून चालले होते. तू तर माझ्या वर निघालास.

आता ऐक. हे मोडलेलं लग्न मला माहीत होतं. साखरपुड्यानंतर मी वाईला माझ्या मावशीकडे गेले होते, तेव्हा हे मला भेटायला आले. घाटाच्या पायरीवर बसलो आणि मी काही विचारायच्या आत यांनी सांगितलं. त्या मुलीचं दुसरीकडे मन होतं, तिनं ते यांना सांगितलं आणि यांनी घरी जाऊन 'मलाच हे लग्न नको' म्हणून बोल स्वतःवर घेतला. माझ्यासारखीला न विचारता कुणी खरं सांगितलं, असं तोवर झालं नव्हतं. तिथंच मी मनाशी हो म्हटलं. ज्याला घाबरून तू कानपिळीला आला नाहीस, तोंड लपवून जनरेटरमागे जाऊन उभा राहिलास, त्याच गोष्टीवर मी हे लग्न केलं होतं.

संसार काही अमृताचा झाला नाही. कुणाचा होतो? भांडलो, अबोला धरला, यांच्या घोरण्यानं मी अर्धं आयुष्य दुसऱ्या खोलीत काढलं. पण खोटं बोलले नाहीत हे माझ्याशी. एवढं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं, आणि तुला विचारायला एक भाऊबीज. तू नीट विचारलंच नाहीस. दाराशी उभं राहून चोरासारखं विचारत राहिलास आणि मी तुझ्यावर वसकत राहिले.

तरी माझा संशय सरलेला नाही. कॅसेटच्या कडेचा तो प्लॅस्टिकचा दात तू मोडून ठेवलायस. तो मोडला की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही, पुसताही येत नाही. हे काम कॅसेट नाहीशी करणाऱ्या माणसाचं नव्हे. आणि ती पट्टी. गोंद लावून सरकपट्टी कायमची बसवता आली असती तुला. नखानं सुटेल अशी पट्टी कुणी कशासाठी लावतं? तुझी बहीण काय करते ते तुला पक्कं ठाऊक होतं. मी हे सोलणार, हे तुला माहीत असलंच पाहिजे. सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून मला शोधायला लावलंस, असं मी धरून चालले आहे. चूक असेल तर तसं तूच सांगितलं असतंस, पण आता ती सोय राहिली नाही.

वहिनीसाठी मी एक प्रत केली. काही कापलं नाही. तुझा आवाजही त्यात आहे ना, तिच्या नवऱ्याचा, तरुण, घाबरलेला.

माझी प्रत मी दुपारी लावते. हे शेजारी बसतात, कधी पेपर वाचतात, कधी ऐकतात. आई विचारते, "तिला इचारू का?" आणि तुझ्या "नको"च्या आधी श्वासाएवढी जागा आहे. तिथं मी टेप थांबवते आणि मोठ्यानं सांगते, "मला ठावं हाय गं, आई. तू घोर करू नगंस."